पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांचे शहरातील बिऱ्हाड

पेणचा मूर्तिकार गणपतीची मूर्ती मुंबईस धाडतो, तेव्हा ती कोठे उतरावयाची हे आधी ठरलेले असते. कोणत्या मंडळाच्या मांडवात अथवा कोणाच्या घरच्या मखरात तिची स्थापना व्हावयाची, याची नोंद कारखान्याच्या वहीत असते. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून खाली गवत पसरतात, वर ताडपत्री बांधतात, आणि ती उतरवून घेण्यास पलीकडे माणसे उभी असतात. त्याच पावसाळ्यात याच गावांतून दुसरेही एक मोलाचे धन शहराकडे जाते. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली आपली मुले व मुली पेण आणि रोहे या स्थानकांवर ट्रंका-पिशव्या घेऊन उभी असतात. त्यांच्या हाती महाविद्यालयाच्या प्रवेशाचा कागद असतो. परंतु रात्री पाठ कोठे टेकावयाची हे पुष्कळांस ठाऊक नसते. मूर्तीच्या बाबतीत जी दक्षता आम्ही घेतो ती मुलांच्या बाबतीत का घेत नाही, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषतः या दोन गावांतील व्यापारी वर्गापुढे मांडणार आहो.

एक हकीकत आमच्या समक्षची आहे. रोह्यातील एका किराणा दुकानदाराच्या कन्येस पुण्यातील एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. वडिलांनी चार दिवस दुकान बंद ठेवले व मुलीस घेऊन पुणे गाठले. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील जागा भरून गेल्या होत्या. मग दलाल आला. त्याने एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले, घरमालकाने तीन महिन्यांचे भाडे अनामत घेतले, आणि त्याबद्दल मुलीस मिळाले काय, तर एका खोलीतील चार खाटांपैकी एक खाट. 'कॉट बेसिस' हा शब्द पुण्याच्या पेठांत इतका रुळला आहे की, माणसास खोली नव्हे, खाट भाड्याने द्यावयाची यात कोणास काही विपरीत वाटेनासे झाले आहे. करार लेखी नव्हता. परीक्षा तोंडावर आली असता जास्त भाडे देणारे गिऱ्हाईक मिळाले म्हणून मालकाने आठ दिवसांत जागा सोडावयास सांगितले, आणि अनामतीतून रंगाचे व दुरुस्तीचे पैसे कापून घेतले. मुलगी धीराची होती. मैत्रिणीच्या खोलीत सामान टाकून तिने परीक्षा दिली व ती उत्तीर्ण झाली. पण सर्वांचे असे होत नाही. पेणच्या खारेपाटातील एक हुशार मुलगा दिवाळीस घरी आला तो परत गेलाच नाही. आज तो एका कारखान्यात कंत्राटी मजूर आहे. कोणत्याही परीक्षकाने त्यास नापास केले नव्हते. महिन्याचे भाडे बापाच्या आवाक्याबाहेर गेले, एवढेच घडले.

यावर कोणी म्हणेल की, सरकार आता शिक्षणास पुष्कळ साहाय्य करिते. होय, करिते, आणि जे चांगले आहे त्यास चांगले म्हणण्यात आम्ही मागे राहणार नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय स्तुत्य आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून मुलगी महाविद्यालयाच्या ओसरीवर झोपू शकत नाही! अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांस शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. तिचा आरंभ झाला तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिकणाऱ्यास वर्षास साठ हजार रुपये द्यावयाचे ठरले. त्यांपैकी बत्तीस हजार भोजनाचे, वीस हजार निवासाचे व आठ हजार निर्वाहाचे. आता वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. वीस हजार रुपयांस दहा महिन्यांनी भागिले तर महिन्यास दोन हजार येतात. या रकमेत मुंबईत खोली तर सोडाच, चांगली खाटदेखील कोण देईल? शिवाय खात्यात पैसे भरले म्हणजे सोय झाली असे होत नाही. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा करण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांची मागणी सरळ होती: आम्हांस पैसे नकोत, ताट द्या. ज्या पेणमध्ये आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे व ज्याच्या डोंगरवाड्यांतून कातकरी आणि ठाकर मुले आता कोठे महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचू लागली आहेत, तेथील लोकांस तरी या मागणीचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

दुसरा आक्षेप असा की, मुलांनी शहरात जावेच कशाला? पेणला महाविद्यालय आहे, रोह्यास आहे, लोणेऱ्यास १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. या संस्थांविषयी आम्हांस आदर आहे व ज्यांची इच्छा तेथे पुरी होते त्यांनी तेथेच शिकावे. परंतु वैद्यक, विधी, स्थापत्य, चित्रकला, संशोधन यांपैकी प्रत्येक विद्येचे पीठ प्रत्येक तालुक्यात असावे ही अपेक्षाच व्यर्थ आहे. विद्या जेथे असेल तेथे विद्यार्थ्याने गेलेच पाहिजे. काशीस जाण्याची आमची परंपरा ती हीच. रोज जाऊन-येऊन शिकावे हा तिसरा उपाय सुचविला जातो. रोह्याहून दिव्यापर्यंतचा रुळांचा मार्ग सुमारे शंभर किलोमीटरांचा. पुढे लोकलच्या गर्दीत उभे राहून मुंबई गाठावयाची व सायंकाळी तीच वाट उलटी तुडवावयाची. ज्याचे रोजचे पाच-सहा तास गाडीत जातात, त्याने ग्रंथालयात बसावे केव्हा, प्रयोगशाळेत थांबावे केव्हा, आणि शिक्षकांस शंका विचारावी केव्हा? तो महाविद्यालयात नाव घालतो खरा, पण शिकतो गाडीत.

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. त्यांचे पुढील शिक्षण बडोद्यास झाले, कारण वडील तेथे नोकरीस होते व त्यांचे बिऱ्हाड तेथे होते. वडिलांचे बिऱ्हाड शहरात असणे हा दैवयोग होय. गागोद्यात त्या वेळी आणखीही मुले असतील व त्यांच्यातही कोणी बुद्धिमान असेल. परंतु ज्याच्या बापाचे बडोद्यास बिऱ्हाड नव्हते त्याचे नाव आज कोणास ठाऊक आहे? बुद्धी सर्व आळ्यांत जन्मास येते. बिऱ्हाड मात्र थोड्यांसच लाभते. हा अन्याय ईश्वरी नाही. तो मनुष्यकृत आहे, म्हणून मनुष्यांनीच तो दूर केला पाहिजे.

निवासाचा प्रश्न केवळ चार भिंतींचा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. खोली शोधणाऱ्या मुलास पहिला प्रश्न भाड्याचा विचारीत नाहीत, 'आडनाव काय?' हा विचारितात. दुसरा, 'खाणे कसले?' आमच्या आगरी-कोळी मुलांच्या डब्यात सुकट निघाली तर मालकाच्या कपाळास आठी पडते. मुसलमान मुलास तर पुष्कळ ठिकाणी आडनाव सांगितल्यावर दुसऱ्या प्रश्नाची वेळच येत नाही. मुलीस विचारतात की, रात्री किती वाजता येणार, भेटावयास कोण येणार. आणि ही सर्व परीक्षा उतरून जागा मिळालीच, तरी एकटेपणा उरतो. ताप आला तर पेज करून देणारे कोणी नाही. वर्गात आपल्या बोलीस हसतात. सणाच्या दिवशी खानावळ बंद असते. अठराव्या वर्षी गावाबाहेर पडलेल्या मुलाच्या मनावर याचा परिणाम काय होत असेल, हे ज्यांनी हे दिवस काढले आहेत ते जाणतात. मुले शहरात बिघडतात अशी ओरड आम्ही नेहमी ऐकतो. आमच्या मते ती शहराने बिघडत नाहीत. ती आपल्या माणसांच्या अभावी बिघडतात.

या अपमानाचा इतिहास मोठा आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर विलायतेहून परतून बडोदे संस्थानच्या नोकरीस रुजू झाले, तेव्हा त्या नगरात त्यांस कोणी जागा देईना. ते एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला व त्यांस बाहेर पडावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. ज्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, १९२७ साली त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांस खुले केले, त्या जिल्ह्याच्या लोकांस हे विसरून चालणार नाही की, पाण्याप्रमाणेच छप्परही माणसास जात पाहून नाकारले जात होते. आणि आमच्यापैकी जे वरिष्ठ म्हणविणारे लोक स्वदेशात दुसऱ्यास दार लावीत, त्यांच्याच मुलांस लंडनमध्ये काळा म्हणून खोली नाकारीत. तेव्हा पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात 'इंडिया हाऊस' हे विद्यार्थ्यांचे निवासगृह उघडले. देशभक्तांची एक पिढी त्या घरात एकत्र आली हे सर्वश्रुत आहे. घर एक झाले की मने एक होतात. परकीय सरकारने त्या घरावर डोळा ठेविला तो उगीच नव्हे.

महाराष्ट्रात तर वसतिगृह हे समाजसुधारणेचे मुख्य साधन ठरले. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. मागाहून त्यांच्या आश्रयाने जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह निघाले. शाळा काढून भागत नाही, शाळेशेजारी चूल पेटली पाहिजे, हे या राजाने ओळखिले होते. ही वसतिगृहे जातवार होती. त्या काळी त्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु त्यांची मर्यादाही लौकरच दिसून आली. भाऊराव पाटील हे विद्यार्थी असता मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारिले, आणि त्यामुळे त्यांस आपल्या समाजाचे बोर्डिंग सोडावे लागले. त्या तरुणाने त्याचा सूड कसा घेतला? १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढिली व १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह उघडिले की, जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसून आपण रांधलेले अन्न खात. मुलांस अन्न कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या गृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ साली सोलापुरास वसतिगृहापासूनच आपल्या कार्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर पुण्यात डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापिली. खेड्यांतून येणाऱ्या गरजू मुलामुलींस थोड्या खर्चात राहण्याजेवण्याची सोय व त्याबरोबर अंगमेहनतीचे वळण, हा तिचा क्रम आजही चालू आहे.

हे सर्व देशावरचे झाले, कोकणाने काय केले, असे कोणी विचारील. कोकणाने तर या बाबतीत उभ्या देशास धडा दिला आहे. आम्हीच तो विसरलो. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील गावोगावच्या चाकरमान्यांनी आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, भिंतीस लागून प्रत्येकाची पेटी असे, जेवण खानावळवाल्या बाईकडे. गावाहून नवा पोर आला की त्यास त्या खोलीत जागा, आणि ओळखीने गिरणीत काम मिळे. त्यात सुख नव्हते, परंतु कोणी रस्त्यावर पडत नव्हते. गोमंतकातील ख्रिस्ती बंधूंनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपल्या गावांचे 'कूड' स्थापिले. बोटीवर नोकरीस जाणारा खलाशी असो की कामाच्या शोधात आलेला तरुण असो, गावच्या कुडात पेटी ठेवण्यापुरती जागा त्याच्या हक्काची असे. सायंकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करावयाची, नियम मोडणाऱ्यास समज द्यावयाची, खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या व त्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. चाकरमान्यांचा काळ गेला, विद्यार्थ्यांचा आला. आमच्या बापजाद्यांनी हातात अक्षर नसता जे केले, ते आम्हां शिकल्या-सवरल्या लोकांस करिता येऊ नये काय?

म्हणून आमची सूचना अशी आहे. पेण व रोहे या दोन तालुक्यांतील लोकांनी मिळून शहरात एक विद्यार्थिगृह उभारावे. ते आरंभी लहान असावे, वीस-पंचवीस मुलांचे असले तरी पुरे. आधी भाड्याच्या जागेत सुरू करावे, इमारत मागाहून होईल. 'घर पाहावे बांधून' ही म्हण खरी आहे, परंतु बांधण्याच्या धाकाने आरंभच न करणे हे शहाणपण नव्हे. पहिले गृह पनवेल-नवी मुंबईच्या परिसरात असावे, कारण तेथे महाविद्यालये आहेत, ते आपल्या रेल्वेमार्गावर आहे, व मुंबईची महाविद्यालयेही तेथून फार लांब पडत नाहीत; दुसरे पुण्यास. त्यात प्रवेश देताना तालुका, गुण व गरज एवढेच पाहावे. जात पाहू नये, धर्म पाहू नये. ब्राह्मणाचा मुलगा, आगऱ्याची मुलगी, कातकऱ्याचा मुलगा व मुसलमान व्यापाऱ्याची मुलगी यांनी आपापल्या गृहात एकाच चुलीवरचे खावे. ज्यास मासळी वर्ज्य आहे त्याने ती घेऊ नये. पण शेजाऱ्याच्या ताटावर त्याची सत्ता चालणार नाही.

आणि पहिले गृह मुलींचे असावे, असा आमचा आग्रह आहे. मुलगा चार दिवस मित्राच्या खोलीत काढू शकतो. मुलीचा बाप सुरक्षित जागा मिळेना म्हणताच प्रवेशाचा कागद परत करितो. २०२३ च्या जून महिन्यात मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीची हत्या झाली व संशय तेथल्याच रखवालदारावर गेला, तेव्हा परगावच्या सहस्रावधी आईबापांच्या मनात काय आले असेल? भीतीने मुलींस घरी बसविणे हा त्यावरील उपाय नाही. ज्यांच्यावर विश्वास टाकता येईल अशा आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या गावच्या मुलींच्या सोबतीत राहण्याची सोय करणे हा उपाय आहे.

पैसा कोठून यावयाचा? येथे आम्हांस थोडी वकिली करू द्यावी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये, ज्या कंपनीची नक्त मत्ता पाचशे कोटी, उलाढाल एक हजार कोटी अथवा निव्वळ नफा पाच कोटी रुपयांहून कमी नाही, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. आणि ज्या भागात तिचा व्यवसाय चालतो त्यास प्राधान्य द्यावे असेही तेच कलम सांगते. शिक्षणाचा प्रसार व स्त्रियांसाठी वसतिगृहे ही कामे त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नमूद आहेत. पेण तालुक्यात डोलवीस पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. रोहे तालुक्यात नागोठण्यास पेट्रोरसायनांचा, व धाटावला औद्योगिक वसाहत आहे. या धुराचा वाटा आम्हांस मिळतो, तर नफ्याचा अल्पसा वाटा आमच्या मुलांच्या छपरास मिळावा, असे म्हणण्यात याचना नाही. परंतु सर्वच भार त्यांच्यावर टाकणे आमच्या गावांस शोभणार नाही. पेणच्या मूर्तींचा, पोह्यांचा व पापडांचा व्यापार दूरवर चालतो. रोह्यास धावीर महाराजांच्या पालखीसाठी बाहेरगावी राहणारे रोहेकर सुटी काढून येतात. त्या पालखीच्या दिवशी प्रत्येक चाकरमान्याने एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याचा खर्च या कामी ठेविला, तर आरंभास पुरेल एवढा निधी पहिल्या वर्षातच उभा राहील.

'पैसे दिले तर खाल्ले जातील' ही शंका पेणकर घेतील, व ती घेण्याचा त्यांस अधिकार आहे. २०१० साली पेणच्या एका सहकारी बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सामान्य माणसांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. ते दुःख अद्याप ओले आहे. म्हणूनच या संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून रीतसर नोंदणी व्हावी, पेण आणि रोहे येथील चौकात तिचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी लावावा, विश्वस्तांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असावा, आणि कोणाही राजकीय पुढाऱ्याच्या नावाची पाटी दारावर लागू नये. एकदा फसलेल्या माणसाने व्यवहारच सोडावयाचा नसतो. वही उघडी ठेवून व्यवहार करावयाचा असतो. 'हे सरकारचे काम आहे' असे म्हणणारांसही आमचे एवढेच सांगणे आहे की, सरकारकडे मागणी जरूर करावी, स्वाधारची रक्कम वाढवून घ्यावी, शासकीय वसतिगृहे वाढवून घ्यावीत. परंतु सरकारचा निर्णय होईपर्यंत यंदाची मुलगी थांबणार नाही. तिचे वय थांबत नाही.

गृह उभे राहीपर्यंतही तीन गोष्टी उद्यापासून करिता येतील. पहिली, मुंबई, पनवेल, ठाणे व पुणे येथे राहणाऱ्या पेण-रोहेकरांची एक यादी करावी व प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास एक पालक-कुटुंब नेमून द्यावे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. आज वाराची गरज नसेल, परंतु रविवारी एका घरी जेवावयास जाणे व आजारपणी एका दारावर थाप मारता येणे याची गरज आहेच. दुसरी, विश्वासू जागांची एक वही ठेवावी व ज्या मालकाने अनामत बुडविली त्याची नोंद तीत करावी, म्हणजे मागून येणारा सावध होईल. तिसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमान्वये जागेचा करार, मग तो भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा असो, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरिले जाते. तेव्हा अनामतीची पावती घेतल्यावाचून एक पैसाही देऊ नये. पैसे हातात नव्हे, बँकेतून द्यावेत. गावातील वकीलमंडळींनी प्रवेशाच्या दिवसांत एक रविवार काढून मुलांस व पालकांस एवढे समजावून द्यावे. यास खर्च शून्य आहे.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. गावाने जागा दिली म्हणजे ती धर्मशाळा झाली असे नाही. आपली खोली आपण झाडावी, स्वयंपाकात हात लावावा, नव्याने आलेल्यास सांभाळून घ्यावे. आणि मिळवते झाल्यावर निदान एका मुलाचा एका वर्षाचा भार उचलावा. ज्या गृहातील जुने विद्यार्थी त्यास विसरतात ते एका पिढीत बंद पडते. ज्यातील विसरत नाहीत ते शंभर वर्षे चालते.

आता मुंबई आमच्या दाराशी येऊ लागली आहे. २०२४ साली अटल सेतू वाहतुकीस खुला झाला, आणि उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांत नवे नगर वसविण्याचे शासनाने ठरविले. जमिनीचे भाव वाढत आहेत व आमच्यापैकी काहींच्या हाती पैसा खेळू लागला आहे. ज्या जमिनीवर ते नगर वसेल तिचे मोल आपल्याला कळते. त्या नगरातील अभियंता, डॉक्टर, न्यायाधीश कोण असावेत याचा विचार मात्र आपण करीत नाही. आमची मुले शिकली नाहीत, तर त्या नगरात ती रखवालदार म्हणून उभी राहतील, आणि तेही आपल्याच आजोबांच्या शेतावर. 'गाव करील ते राव काय करील' असे आपण म्हणतो. तर पेण व रोहे येथील व्यापारी संघांनी पुढील प्रवेशाच्या हंगामापूर्वी एक संयुक्त सभा बोलवावी, आपापली वर्गणी तेथेच जाहीर करावी, आणि पुढच्या जून महिन्यात निदान दहा मुलींस तरी त्या कोठे उतरणार हे घरून निघतानाच ठाऊक असेल अशी व्यवस्था करावी. सभेची तारीख आम्हांस कळवावी; ती या पत्राच्या पहिल्या पानावर छापण्यास जागा आम्ही राखून ठेविली आहे.